शाळेच्या समितीवर कोण जाणार, आणि जाऊन काय करणार?

कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक लागली की गावोगावच्या पारावर रात्ररात्र चर्चा चालते. पॅनेल कोणाचे, गटातून कोण उभा, कोणाला डावलले, हे शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असते. शाळा व्यवस्थापन समितीची निवड झाल्याचे मात्र निम्म्या गावाला शाळेच्या भिंतीवर नावे रंगवून झाल्यावर कळते. म्हणून या अंकात थोडे त्या समितीविषयी.

जुनी माणसे अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात. पूर्वी शाळा लोकल बोर्डाकडे होत्या, १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे आली आणि १९६२ पासून कारभार जिल्हा परिषदेकडे गेला. कोल्हापूर संस्थानात तर शाहू महाराजांनी १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. या सगळ्यात पालकाने मूल धाडायचे, एवढेच त्याचे काम होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि प्रत्येक सरकारी शाळेला पालकांची समिती आली. समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक पाहिजेत, निम्म्या स्त्रिया पाहिजेत. अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. महिन्याला बैठक घ्यायची आणि शाळेचा विकास आराखडा करायचा. अधिकार काही कमी नाहीत. वापरतो कोण, हा प्रश्न आहे.

आपल्या कार्यक्षेत्रातील एका वाडीवरच्या सभासद भगिनी यंदा या समितीसाठी उभ्या आहेत. शेअर त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे, ऊस दीड एकर, आणि धाकटी मुलगी तिसरीत. "नाव छापू नका, मतं मागितल्यावाणी दिसंल," असे त्या म्हणाल्या, म्हणून नाव देत नाही. निवडून आल्यावर पहिले काम कोणते, असे विचारले. आम्हाला वाटले, कुंपण किंवा संगणक सांगतील.

"पयलं काम हजेरीपट. आपल्या फडात जी पोरं बसत्यात, त्यांची नावं शाळंत पायजेत."

ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या मागेपुढे येतात आणि पट्टा पडेपर्यंत राहतात. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ सगळेच या मुलांचे कोपीवर जाते. गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली, २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आणली. काही मुले त्यामुळे मागे राहतात. पण लहान पोर आईला सोडत नाही, आणि त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण बरोबर येते. शाळा बुडते ती बहुधा या बहिणीची.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. वर्षाच्या मध्येच आले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. वयाला योग्य त्या वर्गात बसवायचे आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. ते गावच्या शाळेतून घेऊन यायचे, इथल्या शाळेत बसायचे, परत जाताना इथल्या शिक्षणाची नोंद घेऊन जायचे. प्रत्यक्षात पत्रक आणतो कोण? उचल घेतलेला माणूस मुकादमाने गाडी आणली की रात्रीतून निघतो.

या वाडीवरच्याच एका ज्येष्ठ सभासदांनी आमच्यासमोर आक्षेप घेतला, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ते म्हणाले, "वहिनी, ती पोरगी शाळंत गेली तर बारकं पोर आईच्या कडेवर. आईची मोळी कमी बांधली जाणार. तोड रखडली, वजन घटलं, तर कुणाचं नुकसान?"

"रखडंल की," त्या म्हणाल्या. "अर्धा दिस रखडंल. मी न्हाई म्हणत न्हाई. पण अंगणवाडी फडापासून हाकेवर हाय. बारकं तिथं ठेवलं तर कायबी रखडत न्हाई."

"आन त्या पोरांचे आईबाप इथं मतदार तरी हाईत का?"

"न्हाईत. म्हणून तर कुणी इचारत न्हाई."

आमच्या मते येथे दोघांचेही खरे आहे. तोड उशिरा झाली तर वजन घटते, हे कोणा सभासदाला शिकवायला नको. पण तो तोटा आठ वर्षांच्या मुलीने भरून काढावा, असा करार आपण कोणाशी केलेला नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले, तेव्हा आपणही त्यावर पुष्कळ बोललो. पैसा कोणाच्या खिशातून जातो हे विचारताना पोर फडात का बसले आहे, हेही विचारायला हवे.

एक गैरसमज मात्र काढून टाकतो. ही मुले पटावर घेतली म्हणजे शाळेला जादा शिक्षक मिळेल, अशी आशा काहीजण दाखवतात. शिक्षकसंख्या ठरवताना ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत आहे. टोळ्या त्यानंतर येतात. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हा कायद्याचा हिशेब आहे. त्याच दोन शिक्षकांपुढे हंगामात आणखी मुले बसणार. बाईंनी हेही लपवले नाही. गावातल्या बारावी झालेल्या दोन-तीन मुलींना हंगामापुरते मदतीला घ्यावे, त्यांचे मानधन लोकवर्गणीतून द्यावे, असा त्यांचा विचार आहे. वर्गणी किती जमेल, हे त्या बोलल्या नाहीत.

दुसरे काम पैशाचे. समग्र शिक्षा योजनेत १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान ठरवलेले आहे, त्याखालच्या, शंभरपर्यंतच्या बहुतेक शाळांना २५ हजार. रक्कम मोठी नाही, पण ती आली किती, कधी, गेली कुठे, हे फळ्यावर लिहावे असे त्यांचे म्हणणे. कारखान्याच्या अहवालात साखर उतारा पाव टक्का घसरला तरी आपण माईकपुढे उभे राहतो. शाळेच्या सभेत चहा घेऊन सही करतो.

तिसरे काम वाचनाचे. ते त्यांनी एका वाक्यात सांगितले: "तिसरीतल्या पोरानं बापाची वजनपावती मोठ्यानं वाचावी, खेपा किती, टन किती." पालकसभेत प्रत्येक घराने हे करून बघावे, गुरुजींना दोष देण्याआधी. आम्हाला ही कसोटी पसंत आहे. मात्र सध्याची संगणकाची फिकट पावती मोठ्या माणसालाही वाचवत नाही, याकडे वजनकाट्यावरील संबंधितांनी लक्ष द्यावे.

हजेरीपटाच्या कामात त्यांना कारखान्याची मदत हवी आहे. कोणती टोळी कोणत्या शिवारात उतरली, किती कोयते, याची यादी शेतकी विभागाकडे असतेच. तोडणी-वाहतूक कराराच्या कागदावर आणखी एक रकाना घालावा: सोबत मुले किती, कोणत्या इयत्तेत, हमी पत्रक आणले की नाही. चिटबॉयने ती यादी टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत जवळच्या शाळेत पोचवावी. खर्च कागदाचा आणि एका फेरीचा.

ही सूचना त्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे लेखी देणार आहेत. सूचक म्हणून त्यांची सही झाली आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. ज्या सभासदांची तयारी असेल त्यांनी गट ऑफिसमध्ये आपला सभासद क्रमांक कळवावा.