दहा हजार डॉलर आणि एक शहर

बँकेत हयात घालवलेल्या माणसाची एक खोड जाता जात नाही. कादंबरी हातात घेतली की नायिकेच्या रूपाआधी त्याला आकडे दिसतात. घर कितीला घेतलं? पैसे कुठून आले? हप्ता कोण भरतंय? या नजरेनं वाचत गेल्यामुळेच असेल, पण शिकागोइतकं ओळखीचं वाटणारं परकं शहर मला दुसरं भेटलं नाही.

आपल्याला शिकागो ठाऊक आहे ते १८९३च्या सर्वधर्म परिषदेतल्या स्वामी विवेकानंदांमुळे, नाहीतर पडद्यावरच्या अल कपोनमुळे. पण गेली सव्वाशे वर्षं कादंबरी, नाटक, चित्रपट आणि मालिकांतून उभ्या राहिलेल्या शिकागोत पिस्तुलापेक्षा पैशाच्या व्यवहारानं माणसं अधिक घायाळ होतात.

थिओडोर ड्रायझरची 'सिस्टर कॅरी' १९००ची. त्यात एका मद्यालयाच्या व्यवस्थापकाला रात्री तिजोरी उघडी सापडते. आत दहा हजारांहून अधिक डॉलर! तो पैसे काढतो, परत ठेवतो, पुन्हा काढतो. पैसे हातात असतानाच तिजोरीचं दार बंद होतं आणि कुलूप लागतं. चोरी त्यानं केली की त्या कुलपानं? ज्यानं कधी रोकड मोजली आहे, त्याला हा प्रसंग वाचताना घाम फुटावा!

अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' (१९०६) गाजली ती कत्तलखान्यांतल्या घाणीच्या वर्णनामुळे. त्याच वर्षी अमेरिकेत मांस-तपासणीचा कायदा झाला. मला मात्र आठवतं ते लिथुआनियातून आलेल्या कामगार कुटुंबाचं घर. किंमत १५०० डॉलर, आधी ३०० रोख, मग दरमहा १२. व्याज वेगळं, हे त्यांना नंतर शेजारची म्हातारी सांगते. आणि हप्ता चुकला की घर गेलं. नायक तुरुंगातून सुटून येतो, तेव्हा त्याच्या घराला नवा रंग दिलेला असतो आणि आत दुसरंच कुटुंब राहत असतं. कर्जाचा कागद न वाचता त्याखाली उठवलेले अंगठे ज्यानं पाहिलेत, त्याला हे पान लवकर उलटवत नाही.

माध्यमं बदलली, तरी हिशेब तोच राहिला. २०१३च्या 'धूम ३'मध्ये शिकागोतली बँक मुदत देत नाही, सर्कशीचा मालक जीव देतो आणि मुलगा मोठेपणी त्याच बँकेच्या शाखा लुटतो. (तो चित्रपट पाहताना टाळ्या वाजवाव्यात की नाही, असा पेच आम्हा निवृत्तांना पडतो!) २०२२ पासून आलेल्या 'द बेअर' मालिकेत भाऊ मागे ठेवून जातो सँडविचचं दुकान आणि काकाचे तीन लाख डॉलर देणं.

यांच्या मधलं एक नाटक मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' १९५९ साली ब्रॉडवेवर आलं. तिथं रंगभूमीवर आलेलं कृष्णवर्णीय स्त्रीचं ते पहिलं नाटक. वडील वारल्यावर विम्याचा दहा हजार डॉलरचा धनादेश घरात येतो. आई ३५०० डॉलर भरून गोऱ्यांच्या वस्तीत घर ठरवते. उरलेले पैसे मुलगा एका भागीदाराच्या भरवशावर घालवून बसतो. अशा वेळी वस्तीचा एक सभ्य प्रतिनिधी येतो आणि म्हणतो, इथं येऊ नका, आम्ही जास्त पैसे देऊन घर परत घेतो.

ही कल्पना हवेतली नव्हती. १९३७ मध्ये हॅन्सबेरींच्या वडिलांनी अशाच वस्तीत घर घेतलं, तेव्हा बाहेर जमाव जमला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९४० मध्ये त्यांची सरशी झाली, पण तांत्रिक मुद्द्यावर. त्या काळात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या 'धोकादायक' म्हणून लाल रंगवल्या जात. अशा ठिकाणी घरकर्जाला हमी द्यायला सरकार नाखूश आणि कर्ज द्यायला बँकाही. घर देताना वंश पाहण्यावर देशभर कायद्यानं बंदी आली ती १९६८ मध्ये.

एक लाल पेन्सिल किती घरांची दारं बंद करते, हे फाइलच्या या बाजूला बसलेल्याला सहसा दिसत नाही. अर्जदार उठून जातो, पुढचा येतो. घरी जाऊन त्यानं बायकोला काय सांगितलं, हे कुठल्याच रकान्यात नसतं. ते कळायला नाटक लागतं, कादंबरी लागते.

या नाटकावरचा १९६१चा चित्रपट सिडने पॉयटियरनं गाजवला. मिळाला तर घरच्यांबरोबर जरूर पाहा. शेवटी कफल्लक झालेला तो मुलगा त्या पाहुण्याचे पैसे नाकारतो आणि सामान बाहेर निघू लागतं. पुढचे हप्ते कसे फेडणार, हा प्रश्न तसाच राहतो. एरवी अशा अर्जावर मी दहा शंका काढल्या असत्या. तिथं मात्र एकही काढावीशी वाटत नाही.