मॉरिशसला निघालात?

बालमित्रांनो, आपल्या नगरकडे पावसासाठी डोळे आभाळाकडे लागतात. मॉरिशसला मात्र चहूबाजूंनी समुद्रच! तिथं जायचा योग आला, तर एवढं ध्यानात ठेवा. घड्याळ दीड तास मागे करा. डिसेंबरात तिथं उन्हाळा, जुलैत हिवाळा. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस. इशारा मिळाला की समुद्राकडे फिरकू नका. पाण्यात अनवाणी उतरू नका, प्रवाळानं पाय कापतो. तो तोडूही नका. प्रवाळ जिवंत असतो बरं का!

आणि पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट पाहाच. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर तिथं उतरले. त्यांत आपली मराठी माणसंही होती. कित्येकांना पुन्हा गाव दिसलं नाही. पण गणपती त्यांनी सोडला नाही. आज गणेशचतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते!