चाचणीचा आकडा आणि पडद्यावरची विहीर

विहिरीची ताजी चाचणी हाती आली की मी आधी पाण्याचा टक्का बघते, मग वायूचं प्रमाण, मग विहिरीच्या तोंडाशी असलेला दाब. हे आकडे मॉडेलात भरायचे आणि संगणकाने काढलेलं तेल चाचणीशी जुळतं का ते पाहायचं. तेलक्षेत्राचं एकात्मिक उत्पादन मॉडेल टिकतं ते याच रोजच्या कामावर.

मुंबई हायचंच घ्या. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम रिगने तिथे तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. इतकी वर्षं उपसलेल्या क्षेत्रात तेलाबरोबर येणारं पाणी वाढतं, खडकातला दाब उतरतो. मग उत्पादन-नळीत खालून वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करायचा. हे गॅस लिफ्ट. वायू कमी पडला तर विहीर मंदावते, जास्त झाला तर नळीत त्याचीच दाटी होऊन तेल घटतं. शिवाय कॉम्प्रेसरकडचा वायू मोजका, आणि अनेक विहिरींचं तेल जाणार एकाच पाइपातून.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात हे समजावायला धानाची बांधी पुरते. दोन मोटारी एका पाइपाला जोडल्या की दमदार मोटार दुसरीला पाणी ढकलू देत नाही. “मग एक बंद करून पाह्य ना, बेटा,” मोठेबाबा म्हणाले. अगदी बरोबर! बहुतेक पाणीच देणारी एखादी विहीर बंद केली, तर पाइपातला दाब उतरून शेजारच्या विहिरी जास्त तेल देऊ शकतात. कोणती विहीर, हे मॉडेलला विचारायचं.

मॉडेलचे भाग तीन: खडकातला साठा, विहीर आणि पाइपांचं जाळं. पेट्रोलियम एक्सपर्ट्सच्या संचात ते एमबाल, प्रॉस्पर आणि गॅप. या भागांच्या सांध्यावर दोन्हीकडचा दाब आणि प्रवाह जुळला की गणित सुटलं. गोम आहे ती या सांध्यांतच. प्रॉस्परमध्ये विहीर सुधारली, पण तिचं लिफ्ट टेबल, म्हणजे दाब-प्रवाहाचा तक्ता, नव्याने काढून गॅपला दिलं नाही, तर गॅपचा हिशेब जुन्याच विहिरीवर चालतो. टेबल ६० टक्के पाण्यापर्यंत काढलेलं आणि विहीर ७५ वर पोचलेली, तर पुढचं उत्तर ताणून काढलेलं. म्हणून प्रत्येक टेबलाची तारीख आणि मर्यादा मी लिहून ठेवतेच.

पावसाळ्यात समुद्र खवळला की निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर बोट लागणं अवघड होतं आणि चाचण्या लांबतात. अशाच एका खंडानंतर एका विहिरीचं मॉडेल चाचणीपेक्षा बरंच जास्त तेल दाखवू लागलं. पीआय, म्हणजे खडक विहिरीला किती सहज तेल देतो तो आकडा, थोडा खाली ओढला की वक्र चाचणीच्या बिंदूवर बसतो. हा मोह फार वाईट. त्या दिवसापुरतं सगळं जुळतं, आणि दोष खडकाच्या माथी जातो.

मी वाहत्या विहिरीतली दाबमोजणी मागवली. खोलीनुसार दाबाची रेघ मांडली, तर ती नळीत वायू सोडणाऱ्या वरच्या व्हॉल्व्हपाशीच वळत होती. वायू तळाच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नव्हता. त्याखालचा सगळा स्तंभ जड राहिला होता. मॉडेलात वायूचा प्रवेश वर आणला आणि पीआयला हात न लावता उत्तर चाचणीजवळ आलं. आता या विहिरीला वाढीव वायू देण्यात अर्थ नव्हता. व्हॉल्व्ह वायरलाइनने, म्हणजे विहिरीत तार सोडून, बदलायचं काम यादीत गेलं आणि तिचा वाढीव वायू तोवर शेजारणीला दिला.