संगणकाचा ताप आणि साधी वजाबाकी

बारामती-इंदापूरकडचा उन्हाळा कसा असतो, हे तिकडच्या मुलांना वेगळं सांगायला नको. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. एप्रिल-मे महिन्यांत पारा सहज चाळिशी गाठतो. अशा दुपारी घरातला संगणक रेंगाळू लागतो, त्याचा पंखा घोंघावतो आणि कधी कधी तो चक्क बंद पडतो. साठवायचं राहिलेलं सगळं काम गेलं! मग कोणी म्हणतं, "व्हायरस आला." कोणी म्हणतं, "आता नवाच घ्या." पण नवा संगणक म्हणजे आईबाबांच्या खिशाला मोठी चाट. तेव्हा आधी त्याचा ताप मोजू या.

ताप येतो कुठून?

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. डेस्कटॉपचे कितीतरी प्रोसेसर ६५ वॉटचे असतात. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब चटका देई, आठवतं ना आजोबांना? इथे तेवढी उष्णता नखाएवढ्या चकतीत कोंडलेली असते. ती काढून घ्यायला वर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवतात. हा हीट सिंक. त्याच्यावर पंखा. चकती आणि ठोकळा यांच्यामधल्या बारीक खळग्यांत हवा राहिली तर उष्णता अडते, म्हणून तिथे थर्मल पेस्ट लावतात.

तापमान साधारण ९० ते १०० अंशांच्या घरात गेलं, की बरेच प्रोसेसर आपणहून वेग कमी करतात. तरीही ते चढत राहिलं, तर संगणक बंद होतो. तो रुसत नाही, स्वतःचा जीव वाचवतो!

संगणकाला घाम येत नाही

पंख्याखाली आपल्याला गार वाटतं, कारण अंगावरचा घाम वाळतो. संगणकाला कुठला घाम? त्याचा पंखा खोलीतलीच हवा आत फिरवतो. खोलीत ४० अंश असतील, तर प्रोसेसर त्याखाली जाणारच नाही.

म्हणून नुसता आकडा पाहून घाबरू नका, वजाबाकी करा. समजा, सकाळी खोलीत २६ अंश आहेत आणि प्रोसेसर ६० दाखवतो. फरक ३४. दुपारी खोलीत ४० आणि प्रोसेसर ७४. फरक पुन्हा ३४च! म्हणजे संगणक धडधाकट आहे, खोली तापली आहे. पण महिन्याभराने, तेच काम करताना, २६ अंशांच्या खोलीत ७८ दिसले तर? फरक ५२ झाला. आता मात्र आत काहीतरी अडलं आहे.

काय अडलं, ते शोधा

डब्याची बाजूची झाकणपट्टी मोठ्यांकडून काढून घ्या आणि तेच काम पुन्हा करा. आत हात मात्र घालू नका. फरक बराच कमी झाला, तर हवेची वाट बंद आहे: जाळीत धूळ बसली असेल किंवा डबा भिंतीला चिकटला असेल. विशेष बदल झाला नाही, तर ठोकळ्याच्या पात्यांतला कचरा, थकलेला पंखा किंवा वाळलेली पेस्ट यांच्यावर संशय घ्या.

ऊसवाहतुकीच्या रस्त्यांची धूळ आणि पाचट जाळल्यावर उडणारी राख घरात येतेच. सफाईपूर्वी प्लग काढा. मऊ ब्रशने धूळ झाडा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ओलं फडकं नको, आणि वीजपुरवठ्याची पेटी कधीच उघडू नका. पेस्ट बदलायचं काम जाणत्या माणसाचं. जुनी पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी पुरते. वॉटर कूलरचा दमट झोतही संगणकावर सोडू नका.

उष्णतेपुढे बडे संगणकही सुटत नाहीत. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. पुढे २०१९ साली पुण्याच्याच आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' बसवला, त्यात उष्णता वाहून न्यायला द्रव खेळवलेला आहे. युक्ती वेगळी, काम तेच!

तर मग एक वही करा. दर रविवारी तेच काम दहा मिनिटं चालवा, खोलीचं आणि प्रोसेसरचं तापमान लिहा आणि वजाबाकी करा. तुमच्या संगणकाचे डॉक्टर तुम्हीच!