टेकडीला नोंद द्यायची की नुसती ओळ?

१५ जानेवारीला विकिपीडियाने पंचविशी गाठली आणि आठवडाभर कौतुकाचे लेख छापून आले. इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांहून अधिक लेख आहेत, हे एव्हाना वाचकांना पाठ झालं असेल. दुसऱ्या क्रमांकावर कोण, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. जर्मन नाही, फ्रेंच नाही, चिनीही नाही. दुसरा क्रमांक आहे फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा. लेख साठ लाखांवर आणि भाषा बोलणारे दोनेक कोटी, म्हणजे मराठी माणसांच्या जेमतेम पाव हिस्सा. आपला मराठी विकिपीडिया लाखाच्या आसपास घुटमळतो आहे.

हा पराक्रम सेबुआनो भाषकांचा म्हणावा, तर तसंही नाही. तो आहे स्वेर्कर योहान्सन या स्वीडिश गृहस्थाचा. भौतिकशास्त्राकडून भाषाविज्ञानाकडे वळलेला हा प्राध्यापक. पत्नी फिलिपिन्सची, त्यामुळे तिकडच्या भाषांशी घरोबा. त्याने एक संगणकीय प्रोग्रॅम लिहिला, ‘एलएसजेबॉट’. आधी पक्षी, बुरशी, भुंगेरे, फुलपाखरं यांच्या शास्त्रीय याद्या घेऊन बॉटने लेख पाडले. चांगल्या दिवशी दहा हजार. मग गडी भूगोलाकडे वळला. ‘जिओनेम्स’ नावाच्या खुल्या यादीत जगभरच्या डोंगर, ओढे, भूशिरं, तळी, वाड्या यांची नावं आणि अक्षांश-रेखांश आहेत. एकेक नाव उचलायचं आणि लेख करायचा. स्वीडिश, सेबुआनो आणि वाराय या तीन भाषांत हा कारखाना चालला.

माणूस विक्षिप्त वाटेल, पण त्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. हौशी लेखक आपापल्या आवडीचंच लिहितात, असं त्याचं म्हणणं. स्वीडिश विकिपीडियावर टोल्किनच्या कादंबऱ्यांतल्या पात्रांवर ढीगभर लेख होते आणि व्हिएतनाम युद्धातल्या खऱ्या माणसांवर मूठभर. हा कसला ज्ञानकोश? यंत्राला आवडनिवड नसते, ते आफ्रिकेतल्या टेकडीला आणि युरोपातल्या टेकडीला सारख्याच ओळी देतं. मलाही हे पहिल्यांदा पटलं होतं. मग त्या लेखांपैकी काही उघडून पाहिले.

टेकडी घ्या. नाव, देश, प्रांत, समुद्रसपाटीपासूनची उंची. आजूबाजूचा भाग सपाट की डोंगराळ. आसपास वस्ती दाट की विरळ. वर्षाचं सरासरी तापमान, सर्वांत गरम महिना, सर्वांत थंड महिना, सर्वांत पावसाचा महिना आणि त्यात पडणारे मिलिमीटर. खाली नकाशा. संपलं. यातलं एकही वाक्य कुणी त्या टेकडीकडे बघून लिहिलेलं नाही. शेजारची टेकडी उघडली की तेच महिने आणि जवळपास तेच मिलिमीटर. मूळ यादीत एकच तळं दोन नावांनी असेल तर लेखही दोन. स्वीडिश मंडळी शेवटी वैतागली आणि असे लेख पुसायला बसली. एकेकाळी अडतीस लाखांच्या घरात गेलेला त्यांचा आकडा त्यानंतर दहा लाखांहून अधिक खाली आला. आपण होऊन पहिल्या बाकावरून उठायला धाडस लागतं.

इंग्रजीवाले शहाणे ठरले म्हणावं, तर त्यांचीही फजिती झाली. त्यांचा नियम वाचायला सोपा आहे. कायद्याने मान्य वस्ती असेल तर लोकसंख्या कितीही कमी असो, लेखाला सहसा हरकत नाही. डोंगर, ओढा, बेट असेल तर नाव आणि ठिकाण यापलीकडे काही सांगण्यासारखं हवं. नियमातलंच उदाहरण असं: नदीतल्या ज्या बेटाचं नाव आणि जागा एवढंच ठाऊक आहे, त्याने नदीच्या लेखात बसावं. पण इराणच्या जनगणनेच्या याद्यांत विहिरी, पंप, शेतावरची खोपटीसुद्धा स्वतंत्र ठिकाणं म्हणून येतात. त्या याद्यांवरून इंग्रजीत हजारो इराणी ‘गावं’ वसली आणि पुढे ती घाऊक उठवावी लागली. कॅलिफोर्नियात तर रेल्वेची सायडिंगं गावं होऊन बसली, कारण सरकारी नामसूचीत त्यांच्यापुढे लोकवस्ती असा शिक्का होता. डबे उभे करायची जागा, आणि लेखात म्हणे ‘समुदाय’!

याच्या उलट टोकाला सँडी बेट. न्यू कॅलेडोनियाजवळचं हे बेट १८७६ साली ‘व्हेलॉसिटी’ नावाच्या जहाजाने कळवलं आणि ते एका नकाशातून दुसऱ्यात उतरत थेट गुगलपर्यंत पोचलं. नोव्हेंबर २०१२मध्ये ‘सदर्न सर्व्हेयर’ हे ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज त्या जागी गेलं, तर तिथे हजार मीटरहून खोल पाणी. बेट नाहीच! पण त्यावर लेख आहे, आणि तो हवाच. चूक कशी शिरली, किती वर्षं टिकली, कुणी पकडली, असं सांगण्यासारखं त्या नसलेल्या बेटाकडे भरपूर आहे.

माझी कसोटी म्हणून उंचीची नाही, लोकसंख्येचीही नाही. शेजारच्या टेकडीला लागू पडणार नाहीत अशी तीन वाक्यं लिहिता येतात का, एवढंच बघावं. येत असतील तर नोंद, नसतील तर रांगेच्या किंवा तालुक्याच्या लेखात एक ओळ.

सह्याद्रीत ही कसोटी लावून पाहा. चावणीजवळची उंबरखिंड ही नुसती भूगोल म्हणून पाहिली तर दाट झाडीतली एक अडचणीची वाट, अशा शेकड्यांनी आहेत. पण २ फेब्रुवारी १६६१ला शिवाजी महाराजांनी तिथे मुघल सरदार कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा नोंदीला वाद नाही. कोकणकडा हा हरिश्चंद्रगडाचाच भाग, वेगळा लेख कशाला, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, द्यावा. आत वळलेला तो कडा, ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने तिथे पाहिलेलं इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्य, कड्याला भिडणारी नळीची वाट: यातलं काहीही बालेकिल्ल्याच्या माहितीत नीट मावत नाही. त्याच डोंगरात इतर कितीतरी नाळा आणि निसण्या आहेत. त्यांना ओळ पुरे.

आता पुराव्याची अडचण. कोश म्हटला की छापील आधार हवा. ब्रिटिश गॅझेटियरांनी बैलगाडी चढणाऱ्या घाटांना, जकातीच्या बंदरांना पानंच्या पानं दिली. ज्यातून दिडकी मिळत नाही त्या माळाचं नावही टिपलं नाही. ही उणीव पुढे आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकांनी बरीच भरून काढली. तरी भटक्यांच्या वह्या, मंडळांच्या स्मरणिका, जत्रेच्या पुस्तिका यांना आधार मानायला विकिपीडियाचे कार्यकर्ते का-कू करतात. त्यांचंही खोटं नाही, कारण स्मरणिकेत प्रत्येक गुहा पांडवांचीच असते.

म्हणून रत्नागिरीच्या सड्यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जांभ्याचे उघडे कातळ, पावसाळ्यानंतर करपलेलं गवत, सातबाऱ्यावर पोटखराबा. कोशकारांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी गावोगावचे सडे पायांखाली घातले आणि कातळशिल्पं उजेडात येत गेली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात आणखी प्राण्यांची गर्दी कोरलेली आहे. २०२२मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सडा तोच आणि तितकाच, बदललं ते त्याच्याविषयी सांगता येणारं.

मराठी विकिपीडियावर गावांचे लेख उघडले की मात्र सेबुआनोचीच आठवण येते. तालुका, जिल्हा, हवामान उष्ण की दमट, पावसाळ्यात पाऊस पडतो. शेजारच्या गावाचा लेख उघडा, गावाचं नाव तेवढं बदललेलं. लाखाचा आकडा असा गाठण्यापेक्षा यातले निम्मे लेख तालुक्यांच्या लेखांत कोष्टक करून टाकले तर काय बिघडेल? नाव शोधणाऱ्याला त्या ओळीवर नेऊन सोडण्याची सोय विकिपीडियात आहेच. कशेळीच्या सड्याला नोंद द्या, पलीकडच्या सड्याला त्याच लेखात ओळ. उद्या तिथेही काही सापडलं तर ओळ काढून लेख करायला पाच मिनिटं लागतात.