स्वमग्न व्यक्तींच्या आहारविषयक अडचणी : काळाचौकीच्या गृहजीवनाच्या संदर्भात

मूल जेवत नाही ही तक्रार कोणत्याही घरास अपरिचित नाही. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ती काही वर्षांत आपोआप नाहीशी होते. परंतु स्वमग्नता, म्हणजेच ज्या अवस्थेस ऑटिझम असे नाव आहे, ती असलेल्या व्यक्तींत ही अडचण पुष्कळदा बाल्यानंतरही टिकून राहते आणि तिचे स्वरूपही निराळे असते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणानुसार स्वमग्न मुलांत आहारविषयक अडचणींचा संभव इतर मुलांच्या सुमारे पाचपट असतो. या अडचणींची कारणे कोणती, आणि मुंबईतील काळाचौकीसारख्या वस्तीच्या गृहजीवनात त्यांना कोणते रूप येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातच या विषयाचा उल्लेख आहे. त्यांपैकी अनेक मुलांना शैशवात अन्नग्रहणाची गंभीर अडचण होती. अन्न हे बाह्य जगाचे मुलाच्या जीवनातील पहिले आक्रमण होय आणि एकटे राहू इच्छिणारे मूल ते परतवून लावते, असा अर्थ कॅनर यांनी लावला. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांच्या 1967 सालच्या ग्रंथामुळे स्वमग्नतेचा दोष मातापित्यांच्या, विशेषतः मातेच्या, भावनिक दुराव्यावर ठेवणाऱ्या मतास मोठी प्रसिद्धी मिळाली. ते मत शास्त्राने केव्हाच त्याज्य ठरविले आहे. तथापि ‘आईने लाडावून ठेवले’, ‘दोन दिवस उपाशी ठेवा, म्हणजे मुकाट्याने खाईल’ हे उद्गार अद्याप घरोघरी ऐकू येतात. म्हणून कारणमीमांसेस येथे केवळ सैद्धान्तिक महत्त्व नाही.

पहिले कारण संवेदनांचे होय. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली काढलेल्या निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीत, संवेदनांना मिळणारा अतितीव्र वा अतिमंद प्रतिसाद स्वमग्नतेच्या निकषांत समाविष्ट केलेला आहे. भेंडीचा बुळबुळीतपणा, मऊ भातात अचानक दाताखाली येणारा मोहरीचा दाणा, आमटीत भिजून लिबलिबीत झालेली पोळी, यांपैकी कोणतीही गोष्ट अशा व्यक्तीस असह्य होऊ शकते. नकार बहुधा पदार्थास नसून त्याच्या एखाद्या गुणास असतो.

दुसरे कारण एकसारखेपणाच्या गरजेत आहे. पुड्यातील प्रत्येक बिस्कीट आकाराने, रंगाने व चवीने दुसऱ्यासारखेच असते. घरची पोळी मात्र रोज निराळी उतरते. कधी तिच्यावर डाग अधिक पडतात, कधी तिच्या कडा जाड राहतात. इतरांच्या लक्षातही न येणारा हा फरक स्वमग्न व्यक्तीच्या दृष्टीने नवाच पदार्थ निर्माण करतो. बिस्किटांवरच राहणारे मूल गोडास हपापलेले असते असे नव्हे. पुढचा घास कसा लागेल याची त्याला खात्री हवी असते.

तिसरे कारण शरीरांतर्गत संवेदनांशी निगडित आहे. काही व्यक्तींना भूक वा तृप्ती स्पष्टपणे जाणवत नाही. कामात मग्न झालेली प्रौढ व्यक्तीही दिवसभर उपाशी राहू शकते, तर दुसरी एखादी पोट भरल्यावरही खात राहते. चावण्या-गिळण्यातील अडचण, बद्धकोष्ठ, आम्लपित्त किंवा दातदुखी यांमुळेही अन्न नाकारले जाते. ज्यास बोलता येत नाही, त्याचा नकार हेच त्याचे वेदनेचे निवेदन असू शकते. यास्तव आहारात अकस्मात बदल झाल्यास वैद्यकीय तपासणी प्रथम व्हावयास हवी.

ही कारणे सर्वत्र समान असली, तरी परिस्थितीप्रमाणे त्यांची तीव्रता कमीअधिक होते. लालबाग आणि शिवडी यांच्या शेजारची काळाचौकी ही गिरणगावातील वस्ती. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी ती वसविली. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे युग मावळले. परंतु एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास, जेवण आणि झोप उरकणारी घरे सर्वस्वी नाहीशी झाली नाहीत. अशा खोलीत फोडणीच्या वासापासून दूर जाण्यास जागा नसते. एका घरी तळलेल्या बांगड्याचा वास चाळीच्या गॅलरीतून सर्व बिऱ्हाडांत पोहोचतो. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करण्याचे दिवस आले, म्हणजे मिरचीची खकाणा दूरवर जाणवते. शेजाऱ्यास जी केवळ शिंक आणते, ती गंधाविषयी अतिसंवेदनशील असलेल्या मुलाची त्या वेळची भूकच मारून टाकते.

चालीरीतींचाही येथे विचार केला पाहिजे. ‘पानात टाकू नये’ हा संस्कार आणि पाहुण्यास आग्रह करून वाढण्याची रीत, या दोहोंमागे अन्नाविषयीचा आदर व स्नेह आहे. परंतु स्वमग्न व्यक्तीच्या दृष्टीने आग्रह ही बळजबरी ठरते आणि बळजबरीने दिलेल्या घासाची भीती त्या पदार्थास कायमची चिकटते. उलटपक्षी, आपल्या पारंपरिक ताटाची मांडणी अशा व्यक्तीस अनुकूल आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे व भाजी, आमटी उजवीकडे, अशी प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. पदार्थ परस्परांत मिसळत नाहीत. काय येणार आणि कोठे येणार हे आधी कळते. वाट्यांचे ताट हे या दृष्टीने सोपे व बिनखर्चाचे साधन होय.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण असे की, पुष्कळ मुलांचे वजन व उंची सर्वसाधारण राहते. उपरोक्त विश्लेषणातही वाढीत ठळक फरक आढळला नाही. मात्र कॅल्शियम व प्रथिने यांचे सेवन कमी आढळले. मोजक्याच पदार्थांवर राहिलेल्या स्वमग्न मुलांस क जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्व्ही झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. अशा वेळी पाय दुखून मूल चालेनासे होते आणि तपास भलत्याच रोगाच्या दिशेने जातो. ‘अंगाने बरा आहे’ एवढ्यावर समाधान मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

उपचाराचे तत्त्व कारणांवरूनच निष्पन्न होते. स्वीकारलेल्या व नाकारलेल्या पदार्थांची नोंद ठेवून नेमका कोणता गुण खटकतो हे प्रथम ठरवावे. स्वीकृत पदार्थ काढून घेऊ नयेत. नवा पदार्थ आधी ताटाजवळ, मग ताटात, मग बोटाला व शेवटी जिभेला, अशा पायऱ्यांनी आणावा. विश्वासाच्या पदार्थात औषध वा भाजी लपवू नये. फसवणूक उमगल्यास तो एक पदार्थही हातचा जातो. गंभीर उणीव असल्यास बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ व व्यवसायोपचारतज्ज्ञ यांचे एकत्रित साहाय्य घ्यावे. काळाचौकीस लागून असलेल्या शिवडीच्या टेकडीवर जय वकील ही संस्था आहे. वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून 1944 साली सुरू केलेले हे कार्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आजही चालू आहे. घराने मुलास समजून घेण्यातून शिक्षणाची पद्धती कशी उभी राहते, याचे ते जवळचे उदाहरण होय.

तात्पर्य, ‘हा का खात नाही?’ या प्रश्नात दोषारोप दडलेला असतो. ‘याला यातील काय सहन होत नाही?’ या प्रश्नात शोधाची सुरुवात असते. दुसरा प्रश्न विचारणाऱ्या घरात मातेवरील आरोपाचे ओझे उतरते आणि जेवणाची वेळ ही रोजची लढाई राहत नाही.