पीडीएफ पाठवली, पण ती बोलेना!

सोमवारची सकाळ. डेडलाइन डोक्यावर, कॉफी गार होत आलेली. तेवढ्यात कळंबहून मावसभावाचा फोन. ‘ताई, तुझी फाइल आली बग. पर ती बोलंनाच की!’

हा पठ्ठ्या एमपीएससीची तयारी करतोय. लहानपणापासून नजर अगदी कमी, छापील अक्षर दिसत नाही. मोबाइलमधला टॉकबॅक स्क्रीनवरचं वाचून दाखवतो आणि हा ऐकून अभ्यास करतो. पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या राज्यघटनेच्या नोट्स मिळवल्या, १८० पानं मोबाइलवर स्कॅन केली आणि मोठ्या ऐटीत पाठवून दिली. तिकडे त्याचा फोन नुसता म्हणत होता, ‘पान एक, पान दोन, पान तीन...’ परीक्षा तीन आठवड्यांवर!

मला वाटलं, त्याच्या फोनचाच काहीतरी लोचा असणार. लोचा माझ्या फाइलचा होता.

फोटो म्हणजे मजकूर नव्हे

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे कागदाचे फोटो. आपल्या डोळ्यांना त्यात अक्षरं दिसतात, स्क्रीन रीडरच्या लेखी ते नुसतं चित्र. ओळखायचं कसं? एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द सिलेक्ट झाला, तर फाइलमध्ये मजकूर आहे. नाही झाला, तर फाइल मुकी!

मराठीत आणखी एक गंमत आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पडतो निव्वळ गोंधळ. कितीतरी मराठी पुस्तकं अशाच फॉन्टमध्ये टाइप झालीयेत. हा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला, की मगच बोलू लागतो.

कलम ९४ की १४?

मग मी कामाला लागले. स्कॅनचे दहा-दहा पानांचे तुकडे केले, गुगल ड्राइव्हवर टाकले आणि गुगल डॉक्समध्ये उघडले. याला म्हणतात ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. मराठीही येतं त्याला. जादूच वाटली! तासाभरात सगळ्या फाइल्स कळंबला रवाना.

रात्री परत फोन. ‘ताई, समानतेचा हक्क कलम ९४ मधी कधी गेला गं?’

झालं! यंत्राने १ चा ९ केला होता. ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’, ‘ख’चा ‘रव’, गायब झालेले अनुस्वार... यादी मोठी होती. शब्द चुकला तर अंदाजाने कळतो, आकडा चुकला तर कळत नाही. त्याला कलम पाठ होतं म्हणून बरं. नसतं तर तो चुकीचंच घोकून बसला असता. पुढच्या तीन संध्याकाळी आम्ही फोनवर बसलो. मी मूळ कागद वाचायचे, तो फाइल ऐकायचा आणि चूक सापडली की थांबवायचा. खरं सांगते, चुका त्यानेच जास्त पकडल्या.

उपकार नाही, हक्क!

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील आठवतात? सहाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या या मुलीने २०१६ मध्ये यूपीएससीत ७७३वा आणि २०१७ मध्ये १२४वा क्रमांक मिळवला. अभ्यासाला सोबत होती ‘जॉज’ या स्क्रीन रीडरची. जॉज महाग आहे. पण ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ चक्क फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. थोडक्यात, सॉफ्टवेअर आहे, जिद्द आहे, अडतंय ते फाइलपाशी.

बरं, पुस्तक असं बदलून देणं बेकायदा नाही का? नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने अपंग व्यक्तींसाठी ही सूट दिली आहे. नफा कमवायचा नाही आणि ती प्रत त्यांच्यापुरतीच ठेवायची, बस्स. दृष्टिहीनांच्या पुस्तकांसाठी झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा पहिला देशही भारतच. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं, तेही छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच. आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आता आपल्या ऑफिसकडे बघा. प्रिंट काढायचा, सही-शिक्का मारायचा, पुन्हा स्कॅन करून मेलवर टाकायचा. दिवसाला किती मुक्या फाइल्स जन्माला घालतो आपण?

उद्यापासून एवढं कराच!

- मराठी टाइप करा ते युनिकोडमध्येच.
- शीर्षक नुसतं बोल्ड करू नका. वर्डमधली हेडिंग स्टाइल द्या. एनव्हीडीएवर ‘एच’ दाबलं, की थेट पुढच्या हेडिंगवर जाता येतं.
- चित्राखाली दोन ओळींचं वर्णन लिहा.
- वर्डमधून पीडीएफ करताना ‘प्रिंट’ नको, ‘सेव्ह अ‍ॅज’ वापरा. हेडिंग टिकून राहतात.
- स्कॅन पाठवावाच लागला, तर सोबत मूळ वर्ड फाइल जोडा.
- ओसीआर केलंत, तर आकडे कागदाशी ताडून बघा.

दुरुस्त केलेली फाइल हेडिंग देऊन कळंबला पाठवली, त्या रात्री अकराला फोन वाजला. मागे टॉकबॅकची टकळी चालूच होती.

‘ताई, मूलभूत हक्क झाले बग. हेडिंग धरायचं अन् पुढं पळायचं! आता तेवढ्या इतिहासाच्या नोट्स बी बोलत्या करून दे की.’